व्यत्ययाबद्दल क्षमस्व

आषाढी एकादशीला पहाटे उठून पंढरपूरची महापूजा मोबाइलवर बघत होते. (घरातला टीव्ही आमच्या ह्यांच्या ताब्यात असतो, आणि तिथे कायम बातम्या!) ऐन आरतीच्या वेळी चित्र थिजलं. विठोबाच्या चेहऱ्यावर ते गोल चक्र गरगर फिरायला लागलं. शेजारी नातू झोपला होता, त्याला हलवलं. तो डोळे न उघडताच म्हणाला, "आजी, नेट गेलं. येईल."

कुणाचं गेलं? का गेलं? कधी येईल? कुणाला विचारायचं? यातल्या एकाही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर हे प्रश्न असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. आरती संपल्यावर चित्र आलं. झाल्या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हा मला ती जुनी पाटी आठवली. माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. दूरदर्शनवर कार्यक्रम चालू असताना चित्र जायचं आणि पाटी यायची, 'रुकावट के लिए खेद है'. मराठीत 'व्यत्यय'. आपण किती हसायचो त्या पाटीला! तिच्यावर विनोद झाले, नकला झाल्या. पण आज वाटतं, त्या पाटीमागे एक माणूस होता. काहीतरी बिघडलंय हे त्याला आपल्या आधी कळलेलं असायचं. एका हाताने पाटी लावून तो दुसऱ्या हाताने बिघाड शोधत असायचा. आज त्या माणसाबद्दल लिहायचं आहे.

निमित्त आणखी एक आहे. माझा एक जुना विद्यार्थी या वर्षी निवृत्त झाला आणि पेढे घेऊन घरी आला. १९८१ च्या एसएससीच्या बॅचचा. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. शाळेत असताना तो मागच्या बाकावर बसून स्क्रूड्रायव्हरशी खेळत असायचा. १५ ऑगस्टला ध्वजवंदनाच्या आधी शाळेचा लाउडस्पीकर हमखास बंद पडायचा आणि हमखास हाच तो चालू करून द्यायचा. आणि मी काय केलं असेल? त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं, "पोराला या खटपटीतून बाहेर काढा. डीएड करू द्या, नाहीतर कुठे कारकून म्हणून चिकटवा. रेडिओ दुरुस्त करून का पोट भरतं?" सुदैवाने वडिलांनी ऐकलं नाही. त्याने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि आकाशवाणीच्या तांत्रिक विभागात लागला. आयुष्यभर वेगवेगळ्या केंद्रांवर पाळ्या केल्या. एकदाही त्याने मला माझ्या त्या सल्ल्याची आठवण करून दिली नाही. मलाच ती आहे.

त्या दिवशी तो तीन तास बसला. मी मराठीची बाई, मला तंत्रातलं ओ का ठो कळत नाही. पण "तू नेमकं काय करायचास रे?" हा प्रश्न मी त्याला चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारला. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते, चूक असेल तर ती माझी.

पहाटेची शांतता

माझं बालपण दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, रेल्वेत केबिनमन होते. घरात मर्फीचा रेडिओ होता. तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे, हे नातवंडांना सांगितलं की ती हसतात. पहाटे अण्णा रेडिओ लावून ठेवत. आधी नुसती खरखर. मग अचानक ती खरखर थांबायची आणि एक मऊ शांतता पसरायची. अण्णा म्हणायचे, "आला बघ माणूस." आणि मग थोड्या वेळाने आकाशवाणीची ती ओळखीची धून, वंदे मातरम्, मंगलध्वनी. ती धून वॉल्टर काउफमन नावाच्या परदेशातून आलेल्या संगीतकाराने १९३०च्या दशकात बांधली, हे मला फार उशिरा कळलं.

पण ती शांतता म्हणजे काय, हे मात्र या विद्यार्थ्याने परवा सांगितलं. "बाई, तो आमचा ट्रान्समीटर चालू झालेला असायचा. लहर हवेत गेलेली, पण तिच्यावर आवाज अजून चढवलेला नाही. केंद्राची लहर आली की तुमच्या रेडिओतली खरखर दबते."

म्हणजे लहानपणी आम्ही रोज पहाटे जी शांतता ऐकत होतो ती एका माणसाच्या कामाची होती! निवेदकाचा आवाज सगळ्यांना ओळखू येतो. या माणसाची हजेरी आवाज नसण्यातून कळायची, आणि ती अण्णांना कळत होती.

सकाळची सभा सहाच्या सुमारास सुरू व्हायची. (आकाशवाणीवर प्रसारणाच्या सत्राला 'सभा' म्हणतात, केवढा सुंदर शब्द!) त्याच्या बराच आधी तंत्रज्ञ हजर हवा. जुने ट्रान्समीटर व्हॉल्व्हचे. त्यात आधी फिलामेंट तापवायचं, ते पुरेसं तापलं की मगच हाय टेन्शन, म्हणजे हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. घाई केली तर व्हॉल्व्ह गेला, आणि तो काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. थंड ठेवणारे पंखे, पाणी चालू आहे ना बघायचं. मग एकेक मीटर बघून आकडे वहीत लिहायचे. दर तासाला पुन्हा तेच आकडे, पुन्हा तीच वही. लाइट गेली तर जनरेटर. ट्रान्समीटर बसला तर राखीव ट्रान्समीटर. स्टुडिओकडून येणारी लाइन तुटली तर दुसरी लाइन, तीही नसेल तर हाताशी ठेवलेली एखादी टेप. मनोऱ्यावरचे लाल दिवे रात्री लागले की नाही तेही बघायचं, कारण तो विमानांसाठीचा इशारा असतो.

मनोऱ्याबद्दल तर मी चक्क चुकीचं समजत होते. दौंडहून सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना हडपसरला 'आकाशवाणी' नावाचा थांबा लागतो. लहानपणी तिथला मनोरा एसटीतून दिसला की वाटायचं, याच्या टोकावर काहीतरी यंत्र असणार आणि तिथून गाणी निघत असणार. तो म्हणाला, "नाही बाई, मध्यम लहरींच्या केंद्रात अख्खा मनोराच अँटेना असतो. तो चिनी मातीच्या जाडजूड ठोकळ्यावर उभा असतो, जमिनीला टेकतच नाही. आणि त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात, सूर्याच्या किरणांसारख्या." मग त्याने मला गणित घातलं. (शिष्य गुरूला गणित घालतो, कलियुग!) पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. भागाकार करा, लहरीची लांबी येते साधारण ३७९ मीटर. अशा लहरीसाठी मनोरा साधारण तिच्या पाव ते निम्म्या उंचीचा लागतो. म्हणजे पाव धरला तरी शंभर मीटरच्या आसपास. आणि प्रसारण चालू असताना त्याला हात लावला तर माणूस भाजून निघतो.

म्हणून या नोकरीतला पहिला नियम दुरुस्तीचा नाही, जीव सांभाळण्याचा आहे. हाय टेन्शनच्या कपाटाचं दार उघडलं की वीज आपोआप तुटावी अशी सोय असते. तरीसुद्धा आत हात घालण्याआधी दांड्याने जमिनीशी जोडून साठलेली वीज काढायची. एकट्याने आत जायचं नाही, दुसरा माणूस जवळ हवा. आणि काय उघडलं, काय तात्पुरतं जोडलं, काय अर्धवट राहिलं, ते सगळं वहीत लिहून मगच पाळी सोडायची. पुढचा माणूस त्या वहीवर विश्वास ठेवून दार उघडणार असतो.

गाणं कुणाचं?

१ एप्रिल १९५५. रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. केंद्र सुरू होऊन (२ ऑक्टोबर १९५३) दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं. गदिमा, बाबूजी, आणि ही कल्पना उचलून धरणारे सीताकांत लाड. आठवड्याला एक असं करत छप्पन्न गीतं झाली. मी तेव्हा पाच वर्षांची होते, त्यामुळे माझी आठवण म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेलीच. क्वार्टर्समधल्या बायका त्या वेळी आमच्या ओसरीवर जमत आणि रेडिओला हळदीकुंकू वाहून मग ऐकायला बसत.

त्या छप्पन्न गीतांच्या वेळी कंट्रोल रूममध्ये कोण होतं? ट्रान्समीटरवर कुणाची पाळी होती? माझ्याकडे गीतरामायणावरची पुस्तकं, दिवाळी अंकांतले लेख भरपूर आहेत. गायक-गायिका, वादक, सगळ्यांची नावं आहेत. या माणसांची नावं मला कधी कुठे वाचायला मिळाली नाहीत. छप्पन्न वेळा गाणं दौंडच्या ओसरीपर्यंत पोचलं, आणि ते पोचवणारा हात कुणाचा, हे विचारावं असं मलाही सत्तर वर्षांत सुचलं नाही. मग इतरांना काय बोलू!

असं का होतं? माझ्या मते कारण साधं आहे. काही कामं नीट झाली की दिसत नाहीत. अण्णा केबिनमध्ये बसून लिव्हर ओढायचे. मनमाडकडची गाडी, सोलापूरकडची गाडी, बारामतीची छोटी गाडी, सगळ्या आपापल्या रुळांवरून गेल्या की त्यांचा दिवस चांगला. कुणी येऊन "आज काय सुंदर सिग्नल दिलात हो" असं म्हटलं नाही. त्यांच्याकडेही एक रजिस्टर होतं. प्रत्येक गाडीची वेळ मिनिटासकट लिहायची, आणि खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारून, खालचं वाचता येईल असं ठेवून, पुढे सही करायची. मला वाटायचं, अण्णांचा हा जाच आहे. शुद्धलेखनाच्या वहीतसुद्धा ते मला खोडरबर वापरू द्यायचे नाहीत!

सात मिनिटं

आता त्या विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट. केंद्राचं नाव त्याने सांगितलं, मी लिहीत नाही. गोष्ट नव्वदच्या दशकातली. घरी मुलगा तापाने फणफणलेला, दोन रात्री झोप नाही, आणि पहाटेची पाळी. केंद्रावर येऊन खुर्चीत टेकला आणि डोळा लागला. जाग आली ती स्टुडिओतून आलेल्या फोनने. धावत जाऊन यंत्र सुरू केलं, पण फिलामेंट तापायला लागतो तो वेळ लागतोच. सभा सात मिनिटं उशिरा हवेत गेली. सात मिनिटं त्या जिल्ह्यातल्या सगळ्या रेडिओंवर खरखर.

वहीत कारण लिहायचं होतं. "लाइट गेली" असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. त्या गावात रोजच जायची. त्याने लिहिलं, "माझी चूक. वेळेवर जाग आली नाही. सात मिनिटं." खाली सही.

मेमो आला. खुलासा द्यावा लागला. वेतनवाढ काही काळ अडकली. मी त्याला विचारलं, "का रे लिहिलंस? बाकी कुणी असतं तर..." मला वाटलं होतं तो काहीतरी सत्यवचनी उत्तर देईल, आणि ते माझ्या संस्कारांमुळे असंही म्हणेल. (शिक्षकांना ही खोड असते!) तो सहज म्हणाला, "बाई, लाइट गेली असं लिहिलं असतं तर पुढच्या पाळीवाला जनरेटर तपासत बसला असता. जनरेटर आपोआप का चालू झाला नाही म्हणून तो खोलला असता. चांगलं मशीन उगाच बिघडवलं असतं. आणि खरी गोष्ट, की पहाटेच्या पाळीला एकच माणूस असतो, ती कुणाला कळलीच नसती." पुढे त्या केंद्रावर पहाटे पाळीच्या आधी दुसऱ्या माणसाने फोन करून जागं असल्याची खात्री करायची पद्धत सुरू झाली, हेही त्याने सांगितलं.

पेढा माझ्या हातातच राहिला. कारण मला माझी वही आठवली.

मी चौतीस वर्षं शिरूरला शिकवलं. घोडनदीच्या काठचं हे गाव, बाजारपेठेचं, पण आसपासच्या गावांतली आणि वस्त्यांवरची गरिबांची मुलंही आमच्याकडे यायची. त्यातली काही कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जायची, ती पार पाडव्यापर्यंत. मुलं अर्थातच बरोबर. पट कमी झाला की तुकडी जाणार, तुकडी गेली की एका शिक्षकाची नोकरी जाणार. म्हणून त्या मुलांच्या नावापुढे हजेरी लागायची. मी लावायची. कुणी मला लेखी सांगितलं नव्हतं. सगळेच करत होते, आणि "कुणाचं काय वाईट होतंय?" असं मी स्वतःला समजावत होते.

आठवीतली एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं. त्या वर्षी ती डिसेंबरात गेली ती परत आलीच नाही. आणि तिला शोधायला कुणी गेलं नाही. का जाईल? माझ्या हजेरीपटात ती मार्चअखेरपर्यंत शाळेत होती! सतत गैरहजर मुलांची यादी वर पाठवायची असे, त्या यादीत तिचं नाव नव्हतं. व्यत्यय आला होता, आणि मी वहीत "प्रसारण सुरळीत" असं लिहीत होते.

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. घरच्यांनी इथेच पहिल्यांदा वाचलं तर रागावू नये.

आता कोण आहे तिथे?

म्हणून मला वाटतं, प्रसारण तंत्रज्ञाचं मुख्य कर्तव्य यंत्र दुरुस्त करणं हे नाही. दुरुस्ती येते तेव्हा येते. मुख्य काम म्हणजे वेळेवर हजर असणं, बिघाड लोकांच्या आधी ओळखणं, आणि झाला तर तो खरा लिहून ठेवणं. आणि माझं मत असं की हे तिसरं काम आपण हळूहळू गमावत चाललो आहोत.

तुम्ही म्हणाल, आजीबाई जुन्या काळाचं रडगाणं गातायत. तसं नाही. जुनं सगळं चांगलं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. १९७३ साली सिंहगडावर दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र झालं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसायला लागले. पण शिरूरला ते बघणं म्हणजे काय दिव्य होतं! लोखंडी पाइपावर पाइप जोडून अँटेना चढवायचा, बूस्टर लावायचा, तरी पडद्यावर मुंग्या. एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात, एकजण टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीस माणसं असत, आणि आमचे हे पूर्ण वेळ गच्चीवर पाइप धरून! आज नातवाला हातातल्या मोबाइलवर स्वच्छ चित्र दिसतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पहाटे चारला थंडीत सायकल हाणत केंद्रावर जाणं वाचलं, हेही चांगलं. यंत्रं आता स्वतःच स्वतःकडे लक्ष ठेवतात, दूर बसून चालवता येतात. माझा विद्यार्थीही म्हणाला, नवे ट्रान्समीटर फार गुणी असतात, वीजही कमी खातात.

खर्चाचंही कळतं मला. हातात मोबाइल आणि छपरावर डिश आल्यावर जुन्या अँटेनावर टीव्ही बघणारं कोण राहिलं? म्हणून प्रसार भारतीने देशभरातले जवळजवळ सगळे जुन्या पद्धतीचे जमिनीवरचे टीव्ही ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ अखेर मोजके, सरहद्दीसारख्या महत्त्वाच्या ठिकाणचे, साधारण पन्नास ठेवून बाकीचे गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. यंत्राजवळचा माणूस काढला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याची वही आणि त्याची क्षमापण गेली. दिसत नाही म्हणून फोन केला की एक गोड आवाज सांगतो, एक दाबा, दोन दाबा. शेवटी "तुमची तक्रार नोंदवली आहे". कुणी नोंदवली? कुठल्या वहीत? पूर्वी केबल होती तेव्हा केबलवाला पोरगा निदान खांबावर चढलेला दिसायचा. त्याच्याशी भांडता यायचं. तोही खाली उतरून म्हणायचा, "काकू, माकडाने वायर तोडली हो."

जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला होता. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या बातम्या म्हणजे आमच्याकडे घड्याळच! लोकांनी विरोध केला आणि तो निर्णय थांबवला गेला. फार बरं वाटलं. पण त्या वेळी माझ्या मनात वृत्तनिवेदकांचेच आवाज होते. बातम्या वाचणारा राहिला आणि त्या पोचवणारा राहिला नाही तर काय उपयोग, हा विचार तेव्हा मला शिवला नाही.

गरज आहे का?

आहे. कोरोनात शाळा बंद होत्या. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्या मुलांचं काय, हा प्रश्न शिक्षकांना छळत होता. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी रोज ठरलेल्या वेळी टीव्हीपुढे वही घेऊन बसायची. रिचार्ज नको, नेट नको. सगळीकडे टाळेबंदी असताना ते चित्र तिच्यापर्यंत पोचत होतं, म्हणजे कुणीतरी घराबाहेर पडून पाळी करत होतं. आपण डॉक्टरांसाठी, पोलिसांसाठी टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. योग्यच केलं. यांच्यासाठी मी एकदाही वाजवली नाही.

आणि संकटात? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. त्या दिवशी आमच्या शिक्षकखोलीत दिवसभर रेडिओ चालू होता. तिकडे ज्यांचे नातेवाईक होते ते रेडिओपासून हलत नव्हते. ज्या दिवशी मोबाइलचे मनोरे बंद पडतात, त्या दिवशी सेलवर चालणारा शंभर-दोनशे रुपयांचा रेडिओ कामाला येतो. पण तो कधी? पलीकडे कुणी जागं असेल तेव्हाच.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. जे ट्रान्समीटर राहिलेत तिथे रात्रंदिवस नसली तरी एक जबाबदार व्यक्ती नावानिशी असावी. बिघाड झाला तर श्रोत्यांना सांगावं, काय झालं, किती वेळ झालं. आणि कार्यक्रमाच्या शेवटी जिथे निर्मात्याचं नाव येतं तिथे तंत्रज्ञाचंही नेमाने यावं. पाच सेकंद लागतात.

आणि एक आपल्या तालुक्यांसाठी. शेजारी बारामतीला विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' हा समूह रेडिओ आहे. अशा रेडिओला परवानगी जेमतेम शंभर वॅटची असते. म्हणजे जुन्या काळातल्या एका मोठ्या बल्बाएवढी! त्यातून दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर ऐकू शकतो. शिरूर-दौंडच्या एखाद्या कॉलेजने हे का करू नये? तंत्रज्ञ कुठून आणायचे म्हणाल, तर आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथे शाळेत न रमलेली मुलं हाताने काम करत शिकतात. मागच्या बाकावर स्क्रूड्रायव्हरशी खेळणारी मुलं अजूनही जन्माला येतात. त्यांच्या वडिलांना बोलावून भलता सल्ला देणाऱ्या बाई तेवढ्या नकोत.

माझा विद्यार्थी निघाला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझ्या बाबतीत माझं चुकलं रे. तुझ्या वडिलांना मी काय सांगितलं होतं ते तुला ठाऊक आहे का?" तो चपला घालत होता. म्हणाला, "माहीत आहे की. आमच्या दादांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं." आणि पाया पडून निघून गेला. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं त्याने ते मनात ठेवलं, आणि दर दिवाळीला न चुकता फोन केला!

त्या आठवीतल्या मुलीला मात्र आता कुठे शोधू? तिचं वय आज चाळिशीच्या पुढे असेल. कधी वीटभट्टीवरून, बाजारातून जाताना त्या वयाच्या बायकांच्या चेहऱ्याकडे मी बघते. ओळखू येणार नाही हे माहीत असूनही.

तिच्यासाठी निदान इथे नोंद करून ठेवते, अण्णांच्या पद्धतीने, खाडाखोड न करता. डिसेंबर ते मार्च ती वर्गात नव्हती. हजेरी मी लावली. चूक माझी.

व्यत्ययाबद्दल क्षमस्व.